कोअर ओला होता, ओला असावा, ओला नसायला हवा होता

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटीला आहे. क्वालिटी म्हटलं की लोकांना व्हर्निअर आणि गेज आठवतात. खरं तर निम्मा दिवस इंग्रजी लिहिण्यात जातो. आपलं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेला लोखंडी भाग, परदेशी जातं, तिथे मशिनिंगला लावल्यावर आत भोकं निघतात, मेल येतो आणि एट-डी, म्हणजे आठ पायऱ्यांचा रिपोर्ट भरायला बसावं लागतं. फोर्ड कंपनीने १९८७मध्ये ही पद्धत लिहून काढली. आज गाड्यांचे सुटे भाग करणारा कोणी तिच्यातून सुटत नाही. डी-थ्रीमध्ये आधी नुकसान आवरायचं, डी-फोरमध्ये मूळ कारण सांगायचं, डी-फाइव्हमध्ये उपाय ठरवायचा. घोळ होतो तो डी-फोरला. तिथे जे लिहायचं ते घडून गेलेलं असतं, आणि घडताना तिथे कोणी बघत उभं नसतं.

एका पावसाळ्यात पंप हाउसिंगच्या लॉटमध्ये ब्लोहोल, म्हणजे गॅसने पडलेली भोकं, निघाले. कोअर म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा आकार. सगळे कोअरच्या बाजूलाच होते, म्हणजे गॅस कोअरमधून आला हे सांगायला ज्योतिषी नको. आमच्याकडे तेव्हा सीओटू कोअर चालायचे. सोडियम सिलिकेटचा हा कोअर हवेतला ओलावा ओढतो. जुलैतल्या कोल्हापुरात रात्रभर रॅकवर राहिला तर सकाळी हाताला गार लागतो. त्याच्याभोवती १३५०-१४०० अंशांचं लोखंड आलं की त्या ओलाव्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा लागते, आणि ती जागा ती कास्टिंगच्या अंगात करून घेते. म्हणून रॅकवर राहिलेला कोअर वापरण्याआधी ओव्हनमधून परत काढायचा, असा नियम आहे. त्या रात्री तो काढला नव्हता, असा सगळ्यांचा संशय.

आमच्या विभागाने रिपोर्टात वाक्य टाकलं: 'द ऑपरेटर मस्ट हॅव ड्राइड द कोअर.' मनात अर्थ होता, ऑपरेटरने कोअर वाळवायलाच पाहिजे होता. मस्ट म्हणजे पाहिजे, पुढे हॅव लावला की भूतकाळ, झालं वाक्य. गिऱ्हाइकाकडे पुरवठादारांची क्वालिटी बघणारा इंजिनिअर, ज्याला आमच्या भाषेत एसक्यूई म्हणतात, तो ब्रिटिश होता. त्याने ते वाक्य पिवळं केलं आणि शेजारी विचारलं की कोअर नक्की वाळवलेलाच असणार असं तुम्हीच म्हणताय, मग ओलावा हे मूळ कारण कसं? रिपोर्ट परत.

विभागात दोन दिवस कोणाला उमगेना की हा असं का म्हणतोय. आपण लिहिलंय वाळवायला पाहिजे होता, हा वाचतोय वाळवला होता. शेवटी मॅनेजर मला म्हणाले, "तुझं इंग्रजी बरं आहे, इथून पुढं भाषा तू बघायची." बरं म्हणजे किती बरं, ते मला माहीत होतं. मराठी माध्यम, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. बारावीच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये मोडल ऑक्झिलरीचा एक प्रश्न यायचा, अबिलिटी दाखवणारं वापरा, ऑब्लिगेशन दाखवणारं वापरा. कॅन म्हणजे अबिलिटी, मे म्हणजे पॉसिबिलिटी नाहीतर परमिशन, मस्ट म्हणजे ऑब्लिगेशन, शुड म्हणजे ॲडव्हाइस. ही यादी पाठ होती आणि मार्कही पडत होते. त्या यादीत 'मस्ट हॅव' कुठेच नव्हतं.

माझ्या वहिनी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतात. रविवारी सकाळी पोहे खाताना तो पिवळा केलेला रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला आणि व्याकरणाचं पुस्तक काढायच्या ऐवजी मलाच विचारलं, "भावजी, समोरच्या बंगल्यात दिवा दिसतोय. काका घरी आहेत का?"

म्हटलं, "असले पाहिजेत."

"आणि आज पाहुणे येणार आहेत, तर काकांनी काय करायला पाहिजे?"

"घरी असायला पाहिजे."

"दोन्हीकडे पाहिजेच की. एकात तुम्ही अंदाज बांधलात, एकात काकांना कामाला लावलंत. मस्टची तीच तऱ्हा. आता दोन्ही कालची गोष्ट करून सांगा."

केलं. काका काल घरी आले असले पाहिजेत. काकांनी काल घरी यायला पाहिजे होतं. पहिल्यात काका आले, निदान मला तसं वाटतं. दुसऱ्यात काका आलेच नाहीत. वहिनी म्हणाल्या, इंग्रजीत 'मस्ट हॅव' हा फक्त पहिला. दुसऱ्यासाठी 'शुड हॅव'. आणि जर जबाबदारी होती व ती पार पाडली, म्हणजे यावं लागलं आणि आले, तर 'हॅड टू'. जबाबदारीच्या अर्थाने मस्टला भूतकाळच नाही. आमच्या रिपोर्टातलं वाक्य इंग्रज माणसाने वाचलं तेव्हा त्याला ऐकू आलं, 'ऑपरेटरने कोअर वाळवला असला पाहिजे.' त्याचा प्रश्न अगदी रास्त होता.

मला यातली खरी मौज नंतर कळली. पाहिजे, हवं, असेल, असावा, असणार, असता, शकला असता, लागलं, नये, ही सगळी अवजारं मराठी माणूस शाळेत जायच्या आधीपासून अचूक वापरतो. चार वर्षांचं पोरगं 'आई आली असेल' आणि 'आईने यायला हवं होतं' यांत गल्लत करत नाही. शाळेने आम्हाला मस्ट बरोबर पाहिजे असं समीकरण दिलं आणि पाहिजेच्या अलीकडे 'असला' आहे की 'असायला' हे बघायला सांगितलंच नाही. नुसता शब्दाला शब्द लावला की असं होतं. आख्खं क्रियापद शेपटासकट आख्ख्या क्रियापदाशी जुळवलं की हा विषय निम्मा सोपा होतो, असं माझं मत आहे.

हा हॅव तिथे आलाच कसा, हेही थोडं वाचलं, कारण कारण कळल्याशिवाय माझ्या डोक्यात नियम टिकत नाही. कुड, शुड, वुड, माइट हे एकेकाळी कॅन, शॅल, विल, मे यांचे सरळ भूतकाळ होते. मस्ट तर स्वतःच एका जुन्या क्रियापदाचा भूतकाळ, ज्याचं वर्तमानाचं रूप आता वापरातून गेलंय. पुढे हे भूतकाळ शंका, सभ्यता, सल्ला असल्या कामांना जुंपले गेले आणि काळ दाखवायचं त्यांचं मूळ काम बरंचसं सुटलं. या शब्दांना आयएनजी लागत नाही, तिसऱ्या पुरुषाचा एस लागत नाही, पुढे टू लागत नाही. मग घडून गेलेल्या गोष्टीबद्दल अंदाज किंवा पश्चात्ताप सांगायचा तर भूतकाळ कुठेतरी टांगायला हवा, तो हॅववर टांगला. म्हणून 'ही मस्ट हॅव', कधीच 'ही मस्ट हॅज' नाही. मोडलच्या पुढे क्रियापद मूळ रूपातच येतं. आणि कुडच्या स्पेलिंगमधला न उच्चारायचा एल हा मूळचा नाहीच. शुड आणि वुड यांच्यात तो होता, त्यांचं बघून कुडमध्ये घुसवला. शाळेत या एलसाठी मी छड्या खाल्ल्यात, त्यामुळे हे वाचून विशेष बरं वाटलं.

सोमवारी कोअर शॉपला गेलो. तिथले सुपरवायझर सगळ्यांचे अण्णा. उभं आयुष्य वाळूत काढलेला माणूस. विचारलं, "अण्णा, त्या रात्रीचा कोअर ओला होता काय?"

"वला आसणार की. पाऊस किती हुता, बघितलास न्हवं?"

"पण कुणी हात लावून बघितला?"

"रात्रपाळीला कोण हात लावून बघतंय? वव्हनमधनं काढलाच नसंल त्येंनी. काढला आसता तर भोकं पडली नसती."

अण्णांनी उभ्याउभ्या डी-फोर सांगितला होता. 'वला आसणार' म्हणजे 'मस्ट हॅव बीन वेट'. 'काढलाच नसंल' म्हणजे 'मे नॉट हॅव बीन ड्राइड'. 'काढला आसता तर पडली नसती' म्हणजे 'इफ इट हॅड बीन ड्राइड, द ब्लोहोल्स वुड नॉट हॅव ऑकर्ड'. मला फक्त कपडे बदलायचे होते. तरी मी लगेच लिहिलं नाही, कारण वहिनींनी बजावलं होतं की इंग्रजी वाचणारा प्रत्येक मोडलला मनात एक प्रश्न विचारतो: हे तुला कशावरून कळलं?

'मे नॉट हॅव'वर एसक्यूईचं समाधान होणार नव्हतं. वाळवला नसेल, हे तर रस्त्यावरचा माणूसही म्हणेल. ओव्हनचं रजिस्टर बघितलं, त्या रात्रीची नोंद कोरी. कोरी नोंद म्हणजे वाळवला नाही, किंवा वाळवला आणि लिहिलं नाही. आपल्याकडे दुसरी शक्यताही तितकीच असते. मग ओव्हनच्या टेंपरेचर रेकॉर्डरचा कागद काढला. रात्री अकरापासून सकाळपर्यंत रेघ सपाट. ओव्हन चालूच नव्हता. आता 'मे नॉट हॅव' जाऊन त्या जागी 'कान्ट हॅव' आलं. 'द कोअर कान्ट हॅव बीन ड्राइड': वाळवला असणं शक्यच नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आमच्या पोरांना ती हमखास अडते. 'मस्ट हॅव'च्या उलट अर्थासाठी 'मस्ट नॉट हॅव' अमेरिकेत चालतं, पण ब्रिटिश माणूस 'कान्ट हॅव' किंवा 'कुडन्ट हॅव' म्हणतो. मे आणि कॅन यांना नॉट लावल्यावर ते एकमेकांपासून फार लांब जातात. 'मे नॉट हॅव' म्हणजे 'नसेल', 'कान्ट हॅव' म्हणजे 'असूच शकत नाही'. नॉट नसताना 'मे हॅव' आणि 'कुड हॅव' जवळजवळ शेजारी राहतात, म्हणून लोकांना वाटतं की नॉट लावल्यावरही शेजारीच राहत असतील.

रिपोर्ट तयार होत आला तेव्हा मार्केटिंगचे साहेब आले. त्यांना सगळीकडे 'मे हॅव' हवं होतं. 'शुड हॅव बीन ड्राइड' लिहिलं की आपली चूक कबूल, डेबिट नोट, म्हणजे नुकसानीचं बिल, पक्की, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं भाषेचं भान चुकीचं नव्हतं. 'शुड हॅव' म्हणजे करायला हवं होतं आणि केलं नाही, कबुली त्या रूपातच बसलेली आहे, ती काढता येत नाही. पण डी-फोरमध्ये चार 'मे हॅव' एकाखाली एक आले की वाचणाऱ्याला कळतं, यांना कारण सापडलेलं नाही किंवा सांगायचं नाही. मी म्हटलं, साहेब, दोन्ही टाळू. ट्रायल घेऊ.

चार कोअर मुद्दाम रात्रभर उघड्या रॅकवर ठेवले, चार ओव्हनमधून काढले. एकाच लॅडलमधून, एकाच तापमानाला ओतले. कास्टिंग कापली. ओल्या कोअरच्या कास्टिंगमध्ये तीच गोल, आतून चकचकीत भोकं, कोअरच्या बाजूलाच. वाळवलेल्यांत काही नाही. त्यानंतर डी-फोरचं मुख्य वाक्य असं झालं: 'मॉइश्चर इन द कोअर कॉज्ड द ब्लोहोल्स. द कोअर वॉज नॉट ड्राइड.' एकही मोडल नाही. महिनाभर मोडलचा अभ्यास करून सगळ्यात चांगलं वाक्य निघालं ते मोडल नसलेलं. अंदाजाचा मोडल म्हणजे हातात पुरावा किती कमी आहे याची पावती. पुरावा भरला की पावती फाडून टाकायची. हे मला कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा त्या कापलेल्या कास्टिंगने नीट शिकवलं.

पण मोडल संपले असं नाही. डी-फोरला दुसरा भाग असतो: दोष झाला ते झालं, तो तुमच्या दारातून बाहेर कसा पडला? आम्ही लिहिलं, 'द डिफेक्ट कुड नॉट हॅव बीन डिटेक्टेड बाय व्हिज्युअल इन्स्पेक्शन.' हे खरंच होतं. भोकं पृष्ठभागाखाली होती, मशिनिंग झाल्याशिवाय दिसत नाहीत. इथे 'मे नॉट हॅव बीन डिटेक्टेड' लिहिलं असतं तर अर्थ झाला असता, 'सापडला नसेल बहुतेक', म्हणजे आपलं कोणी बघतच नव्हतं. एसक्यूईने त्यावर एका ओळीत उत्तर दिलं: 'कुड इट हॅव बीन डिटेक्टेड बाय एक्स-रे? इफ सो, शुड इट हॅव बीन?' रेडिओग्राफीने सापडू शकला असता का, आणि असता तर शोधायला हवा होता का? दोन मोडलमध्ये त्याने तांत्रिक प्रश्न वेगळा आणि जबाबदारीचा प्रश्न वेगळा केला. ते वाक्य मी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. उत्तर आम्ही प्रामाणिकपणे दिलं की सापडू शकला असता, पण कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे तपासण्यांच्या ठरलेल्या यादीत, रेडिओग्राफी ठरलेली नव्हती. म्हणजे 'कुड हॅव' हो, 'शुड हॅव' नाही. मानलं त्याने.

'कुड हॅव'ला दोन तोंडं आहेत, हे त्या वेळी लक्षात आलं. 'द कोअर कुड हॅव बीन वेट' म्हणजे ओला असू शकतो, मला माहीत नाही. 'द ऑपरेटर कुड हॅव स्टॉप्ड द लाइन' म्हणजे लाइन थांबवू शकला असता, पण थांबवली नाही. पहिल्यात अज्ञान, दुसऱ्यात हुकलेली संधी, आणि बऱ्याचदा टोमणा. मराठीत 'असू शकतो' आणि 'शकला असता' यांत गल्लत होणं अवघड. इंग्रजीत संदर्भ बघूनच ठरवावं लागतं. म्हणून रिपोर्टात माणसाबद्दल 'कुड हॅव' लिहायचं मी टाळतो. ऑपरेटर बिचारा हजर नसतो, आणि इंग्रजीत त्याच्यावर टोमणा जातो.

याच प्रकरणात एक महागडा मोडल भेटला. बदली कास्टिंग आम्ही घाबरून विमानाने पाठवली. विमानाचं भाडं आणि लोखंडाचं वजन यांचा मेळ बसत नाही हे ज्याला त्याला माहीत आहे, पण लाइन बंद पडली तर त्याचा दंड त्याहून मोठा. माल पोचल्यावर एसक्यूईचा मेल आला: 'थँक यू, बट यू नीडन्ट हॅव सेंट देम बाय एअर.' त्यांच्याकडे स्टॉक होता. पाठवायची गरज नव्हती, पण पाठवलात. 'डिडन्ट नीड टू सेंड' म्हटलं असतं तर पाठवलं की नाही ते त्या शब्दांवरून कळलं नसतं. 'नीडन्ट हॅव'मध्ये पैसे गेलेले असतातच. अकाउंट्सच्या बाईंना मी हा फरक समजावायला गेलो तर त्या म्हणाल्या, "सर, बिल माझ्यासमोर आहे, मला समजलंय."

शुड हॅवचं एक सौम्य रूपही आहे, ते नवीन पोरांना दचकवतं. 'द कंटेनर शुड हॅव रीच्ड हॅम्बुर्ग बाय नाऊ.' इथे कोणावर आरोप नाही, एव्हाना पोचला असेल, पोचायला हवा, एवढंच. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागली, तेव्हा आमच्या आणि गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये हे वाक्य रोज यायचं. न्हावा शेवाहून निघालेला माल कुठे आहे कोणालाच नक्की माहीत नसायचं. मग हळूहळू त्याच वाक्यातला सूर बदलत गेला, आणि शेवटी 'शुड हॅव रीच्ड'चा अर्थ खरोखर 'पोचायला हवा होता, का नाही पोचला' असा झाला. शब्द तेच, फक्त तारीख पुढे सरकली.

जर्मन गिऱ्हाइकाची तऱ्हा वेगळी. तिथल्या एकाने लिहिलं, 'यू मस्ट नॉट सॉर्ट द ओल्ड स्टॉक.' आम्ही हादरलो. जुना स्टॉक वेगळा करायला मनाई? मग संशयित माल जाणार कसा बाहेर? आतेबहिणीला फोन लावला, ती पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकली आहे. ती हसायला लागली. जर्मनमध्ये 'मुस निश्ट' म्हणजे 'करायची गरज नाही'. शब्दाला शब्द लावून इंग्रजीत आणला की 'मस्ट नॉट' होतो, आणि इंग्रजीत त्याचा अर्थ 'करू नका'. म्हणजे समीकरणं मांडणारे आम्ही एकटे नव्हतो. तरी मी मेल टाकून विचारून घेतलं, आणि त्याला 'डू नॉट हॅव टू'च म्हणायचं होतं. दोन्ही बाजूंची मातृभाषा इंग्रजी नसेल तेव्हा मोडलवर विसंबू नये, असं मी तेव्हापासून धरून चालतो. असं कोणाचंही मस्ट नॉट आलं की मी खात्री करतो.

ऑडिटमधले मोडल हा त्या मानाने सरळ विषय. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाची २०१५ची आवृत्ती सुरुवातीलाच सांगून टाकते: शॅल म्हणजे आवश्यकता, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शक्यता किंवा क्षमता. ऑडिटर शॅल शोधत येतो, शॅल मोडला की एनसी, म्हणजे नियम न पाळल्याची नोंद. बोलताना शॅल आता कोणी फारसं वापरत नाही, पण मानकांत तो राजा आहे. आयएसओच्या लेखन-नियमांत मस्टला शॅलच्या जागी बसायला मनाई आहे. कायद्यासारख्या बाहेरून आलेल्या बंधनासाठी तो राखून ठेवलाय. उलट अमेरिकी सरकारच्या सोप्या भाषेच्या मार्गदर्शनात शॅल टाकून मस्ट वापरा असं सांगतात. ज्याची त्याची व्यवस्था. मला पटते ती आयएसओची, कारण एका शब्दाला एकच काम दिलंय आणि ते पहिल्या पानावर लिहिलंय. बोलण्याच्या इंग्रजीत ही चैन नसते.

शॉप फ्लोअरवरच्या मराठी पाट्यांना मात्र या शिस्तीचा वाराही लागलेला नव्हता. 'सेफ्टी गॉगल वापरावा', 'कोअर तपासून घ्यावा'. हे शॅल की शुड? एक ऑडिटर साताऱ्याकडचे होते, त्यांनी पाटीपुढे उभं राहून विचारलंच, "ही विनंती आहे की हुकूम?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. पाट्या बदलल्या. 'वापरणे बंधनकारक', 'तपासल्याशिवाय वापरायचा नाही'. अण्णांना त्या रुक्ष वाटतात. पण अण्णांनी तोंडाने सांगितलेला साधा 'घ्यावा'सुद्धा हुकूमच असतो, तेव्हा त्यांचं मत इथे धरता येत नाही.

राहिलं आपलं घरचं इंग्रजी. 'वी वुड बी सेंडिंग द रिपोर्ट टुमारो.' हा वुड भारतभर पसरलाय, विलपेक्षा नम्र वाटतो म्हणून. बाहेरचा माणूस विचारतो, पाठवणार असतात म्हणजे कशावर अवलंबून? 'कुड एबल टू' तर मी रोज कापतो. कुडमध्ये शकणं आलं, एबलमध्येही आलं. काल एखादी गोष्ट एकदा जमली तर 'वॉज एबल टू' किंवा सरळ भूतकाळ. 'वी कुड कम्प्लीट द ट्रायल यस्टर्डे' म्हटलं की इंग्रज माणूस पुढच्या 'इफ'ची वाट बघत बसतो. नकारात मात्र 'कुड नॉट' बिनघोर चालतं. असं का, ते पोरं विचारतात. नुसतं 'कुड' म्हटल्यावर केलं का नाही ते गुलदस्त्यात राहतं, 'कुड नॉट'मध्ये काही गुलदस्त्यात राहत नाही, एवढं मी सांगतो आणि त्यावर त्यांचं भागतं.

नवीन ट्रेनी आला की त्याला मी डी-फोर आधी मराठीत लिहायला लावतो, जसं बोलतो तसं. बहुतेकांना अपमान वाटतो, इंजिनिअर होऊन मराठीत रिपोर्ट? पण मराठीत लिहिताना 'असेल' लिहिलं की 'कशावरून' हा प्रश्न त्यांना स्वतःलाच पडतो, इंग्रजीत 'मे हॅव' लिहिताना पडत नाही. एकीने परवा 'सँडमध्ये ओलावा जास्त असावा' लिहिलं आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच उठून लॅबमध्ये मॉइश्चर बघायला गेली. परत आली ती 'जास्त नव्हता' घेऊन, आणि त्या कारणावर काट मारली.

लिहिण्याचं असं जमलं तरी ऐकण्याचं दुखणं राहिलंय. बोलताना 'शुड हॅव'चा 'शुडव्ह' होतो, 'मस्ट हॅव'चा 'मस्टव्ह', आणि तो शेवटचा व्ह टीम्सच्या कॉलवर कोअर शॉपच्या आवाजात विरून जातो. खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेले लोक त्या व्हला 'ऑफ' समजून 'शुड ऑफ' असं लिहितात, त्यामुळे मी मनाला फार लावून घेत नाही. त्याहून वाईट म्हणजे अमेरिकी उच्चारातलं 'कान्ट'. ते 'कॅन्ट' म्हणतात, टी गिळतात, आणि 'वी कॅन ॲक्सेप्ट द लॉट' व 'वी कॅन्ट ॲक्सेप्ट द लॉट' माझ्या कानाला सारखंच लागतं. म्हणून कॉल संपायच्या आधी मी सरळ विचारतो, "सर, ॲक्सेप्टेड ऑर रिजेक्टेड?", आणि तेच मेलवर टाका म्हणतो.